फोन वाजतो, उचलला की शांतता! (वायफाय कंट्रोलर, व्हॉइस रोल) – जाणकारांनी प्रकाश टाकावा

वाघबीळकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:१२

मंडळी, घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयाचं नेटवर्क सध्या आमच्याकडे आहे. नाव विचारू नका. सात मजले, तळघरात रेडिऑलॉजी. वॉर्डातल्या सिस्टरना वायफाय हँडसेट दिलेत. कंट्रोलर (सगळ्या वायफायचा ताबा असलेलं मधलं यंत्र) अरुबा कंपनीचा, ओएस ८ मालिकेतली, एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफायचे डबे) सगळे टनेल मोडमध्ये, म्हणजे फोनची पॅकेट कंट्रोलरमधूनच जातात. फोनसाठी एसएसआयडी (वायफायचं नाव) वेगळा आणि रोलही (कुणाला कुठे जाऊ द्यायचं त्या नियमांची यादी) वेगळा.

तिसऱ्या मजल्यावर आधी चाचणी घेतली होती, तेव्हा सगळं सुरळीत होतं. आता बाकीच्या मजल्यांवर हँडसेट वाटले आणि तक्रारी सुरू. फोन लागतो, समोर घंटी वाजते, उचलला की दोन्हीकडे ठार शांतता. माणूस हॅलो हॅलो करून ठेवून देतो. हँडसेट रजिस्टर झालेला आहे, पडद्यावर एक्स्टेंशन दिसतं, सिग्नलच्या कांड्या पूर्ण. गंमत म्हणजे आता तिसऱ्या मजल्यावरही हेच.

रोलमधल्या ओळी देतोय (पीबीएक्स म्हणजे रुग्णालयाचं टेलिफोन एक्सचेंज, परमिट म्हणजे जाऊ द्या, डिनाय म्हणजे अडवा, क्यू हाय म्हणजे रांगेत पुढे घ्या). इथला एडिटर कमांडची वाट लावतो, म्हणून सरळ भाषेत:

युजर ते डीएचसीपी, डीएनएस, एनटीपी: परमिट
युजर ते पीबीएक्स, एसआयपी यूडीपी ५०६०: परमिट, क्यू हाय
युजर ते पीबीएक्स, टीसीपी ५०६१: परमिट
युजर ते पीबीएक्स, एचटीटीपीएस: परमिट
(पुढे काही नाही, म्हणजे उरलेलं सगळं आपोआप डिनाय)

पीबीएक्स ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर बेतलेला आहे. तो सांभाळणाऱ्यांचं उत्तर, "आमच्या साइडने ओके आहे." ते तर आपण जन्मापासून ऐकतोय.

कोपरीचा_केबलवाला | सोमवार, रात्री ११:३१

शेवटी एनी एनी परमिट (कुणालाही कुठेही जाऊ द्या) टाक आणि झोप. हॉस्पिटल आहे बाबा, तिथे सिक्युरिटीचे प्रयोग करत बसू नये. फोन बोलला पाहिजे, बस.

रबाळेकर | मंगळवार, सकाळी ७:५०

केबलवाले, तुमच्या ओळीने आवाज येईल, वादच नाही. पण त्या एसएसआयडीचा पासवर्ड उद्या कुणाच्या लॅपटॉपवर गेला, तर तो लॅपटॉप थेट एक्स-रेच्या सर्व्हरपर्यंत पोचेल. रोल करतो तो एवढ्याचसाठी.

वाघबीळकर, दोन गोष्टी सांगा. ५०६१ ची ओळ पहिल्यापासून होती की मागाहून घातली? आणि घातली तर कुणाच्या सांगण्यावरून? माझा संशय तिथेच आहे.

दुसरं, एक कॉल चालू ठेवून, म्हणजे शांततेतच, त्या हँडसेटच्या आयपीसाठी 'शो डेटापाथ सेशन टेबल' चालवा आणि शेवटचा फ्लॅगचा रकाना इथे टाका. सिग्नलच्या कांड्या बघत बसू नका, त्यांचा इथे काही संबंध नाही.

वाघबीळकर | मंगळवार, दुपारी १:२०

रबाळेकर काका, बरोबर पकडलंत. चाचणी झाल्यावर पीबीएक्सवाल्यांनी नवी आवृत्ती चढवली आणि मेल टाकला, "प्लीज ओपन ५०६१." म्हणून ती ओळ आली. त्यानंतर रजिस्ट्रेशन नीट झालं, त्यामुळे तो विषय मिटला असंच सगळे धरून चाललो.

टेबलमध्ये हँडसेटकडून पीबीएक्सकडे दोन नोंदी दिसतात. एक टीसीपी, ५०६१ वर, फ्लॅग फक्त सी. दुसरी यूडीपी (प्रोटोकॉल १७), पीबीएक्सकडचा पोर्ट चौदा हजारांच्या घरातला, फ्लॅग एफडीवायसी. कॉल केला की दर वेळी हा पोर्ट बदलतो.

पॅकेटपंत | मंगळवार, दुपारी ३:०५

वाहवा, त्या 'डी'मध्येच सगळं आलं! डी म्हणजे डिनाय. तुमचा कंट्रोलर आवाजाची पॅकेट इमानेइतबारे फेकून देतोय, आणि त्याला दिलेल्या नियमांप्रमाणे तो बरोबरच आहे.

जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ इतक्या ठिकाणी पाहिलाय की एकदा नीट लिहून ठेवावा.

एका कॉलमध्ये दोन वेगळे प्रवाह असतात. एक बोलणी करणारा, म्हणजे एसआयपी: कोण कुणाला फोन करतोय, घंटी वाजवा, उचलला, ठेवला. दुसरा प्रत्यक्ष आवाजाचा, आरटीपी. घंटी वाजली याचा अर्थ फक्त पहिला प्रवाह पोचला. आवाजाचा पोर्ट आधी ठरलेला नसतो, एसआयपीच्या बोलण्यातच दोन्ही बाजू एकमेकांना सांगतात, "मी अमुक पोर्टवर ऐकतोय."

जुन्या मांडणीत एसआयपी ५०६० वरून उघड्यावर जात होतं. कंट्रोलरच्या फायरवॉलमध्ये एएलजी नावाचा भाग असतो. तो ही बोलणी वाचायचा, त्यातला पोर्ट टिपायचा आणि तेवढाच पोर्ट तेवढ्याच कॉलपुरता उघडायचा. तुम्ही रोलमध्ये आरटीपीसाठी एकही ओळ लिहिली नव्हती तरी आवाज येत होता, तो या एएलजीच्या कृपेने.

५०६१ म्हणजे टीएलएस. आता बोलणी कुलूपबंद आहेत आणि कंट्रोलरकडे किल्ली नाही. त्याला दिसतं एवढंच, की फोन पीबीएक्सशी काहीतरी बोलतोय. पोर्ट कळत नाही, मग तो उघडतही नाही. मागाहून येणारा आवाज रोलच्या तळाशी असलेल्या अदृश्य डिनायला जाऊन आपटतो.

उपाय: आवाजाची ओळ आपण हाताने लिहायची. ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलमध्ये आरटीपीची रेंज १०००० ते २०००० असते, तुमचा चौदा हजारवाला पोर्ट त्यातच बसतो. तरी पीबीएक्सवाल्यांकडून त्यांची खरी रेंज लेखी मागून घ्या. मग युजर ते पीबीएक्स, यूडीपी, ती रेंज, परमिट, क्यू हाय, टॉस ४६ (पॅकेटवरची प्राधान्याची खूण). उलट दिशेचीही ओळ घाला, कारण पहिलं पॅकेट कोणाकडून येईल याचा भरवसा नाही.

एक उपप्रश्न. दोन सिस्टर एकमेकींशी बोलतात तेव्हा आवाज पीबीएक्समधून जातो की फोन ते फोन थेट? थेट असेल तर व्हॉइस व्हीलॅनच्या (फोनसाठीच्या वेगळ्या नेटवर्कच्या) सबनेटसाठीही ओळ लागेल, शिवाय व्हर्च्युअल एपीवर (कंट्रोलरवरच्या त्या एसएसआयडीच्या सेटिंगमध्ये) युजर ते युजर वाहतूक बंद केलेली नाही ना तेही बघा. माझं मत विचाराल तर पीबीएक्सवर डायरेक्ट मीडिया (फोन ते फोन थेट आवाज) बंदच ठेवा. आवाज एकाच ठिकाणाहून गेला की रोल लहान राहतो.

नवखा_नेरुळ | मंगळवार, सायंकाळी ६:४०

वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न: आमच्या कंट्रोलरवर रोल दिसतात, पण त्यात स्वतःच्या पॉलिसी घालताच येत नाहीत. असं का?

रबाळेकर | मंगळवार, रात्री ८:१५

पीईएफ लायसन्स आहे का बघ. पॉलिसी एन्फोर्समेंट फायरवॉल. ते नसेल तर रोल नुसते नावाला. पूर्वी व्हॉइससाठी निराळं लायसन्स असे, ते पुढे यातच मिसळलं.

वाघबीळकर | बुधवार, रात्री १०:४५

पंत, आवाज आला!! डायरेक्ट मीडिया पीबीएक्सवर बंद करून घेतला, दोन्ही दिशांच्या ओळी घातल्या. सुरुवातीला फरक पडेना, मग लक्षात आलं की जुनी सेशनं टेबलमध्ये तशीच बसली आहेत. हँडसेट युजर टेबलमधून काढून पुन्हा जोडले, तेव्हा कुठे पहिलं "हॅलो" ऐकू आलं.

आता पुढचं दुखणं. तेही दोन प्रकारचं. एक: रात्री वॉर्ड रिकामा असतानासुद्धा ठरावीक वेळाने एखादं अक्षर गिळलं जातं. "पेशंटला तीन नंबरला आणा" मधला "तीन"च गायब. दोन: सकाळी ओपीडी भरली की सगळाच आवाज खरखरतो. रेंज आणि चॅनेल तपासले, ठीक वाटतात.

रबाळेकर | गुरुवार, सकाळी ७:३५

तुमच्या पहिल्या दुखण्याचं मूळ त्याच टीएलएसमध्ये आहे. पुन्हा सेशन टेबल बघा. आता एच, पी, टी, सी दिसतील: हाय प्रायॉरिटी, प्रायॉरिटी लावली, टॉस लावला, क्लायंट. पण 'व्ही' आहे का? नसणार. व्ही म्हणजे "हा कॉल आहे" हे कंट्रोलरला कळलंय. तुम्ही पोर्ट उघडलात, पॅकेट जातात, पण कॉल चालू आहे याची त्याला दादच नाही.

त्याने काय बिघडतं? एपी दुसरे चॅनेल तपासायला मधूनच आपलं चॅनेल सोडून जातो. मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांनी सुमारे ११० मिलिसेकंद. जी.७११ मध्ये (आवाज पॅकेटमध्ये भरायची एक पद्धत) दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. एपी गेला की पाच-एक पॅकेट अडकली, झालं तुमचं "तीन" गायब. यासाठीच व्हॉइस अवेअर स्कॅनिंग असतं: कॉल चालू असेल तर एपी जागचा हलत नाही. पण त्याला आधी कॉल ओळखता तर आला पाहिजे! एका एपीवर किती कॉल घ्यायचे ही मर्यादा, म्हणजे सीएसी, तिचीही हीच कथा.

करायचं असं: ५०६१ च्या ओळीला 'क्लासिफाय-मीडिया' जोडा. मग कंट्रोलर त्या फोनच्या यूडीपी पॅकेटची चाल बघून आवाज ओळखतो, आतलं न वाचता. हा पर्याय बोलण्यांच्या ओळीलाच लावायचा, आरटीपीच्या ओळीला नाही. आणि आरटीपीची परमिट ओळ काढायची नाही, ती लागतेच. मग स्कॅन प्रोफाइलमध्ये व्हॉइस अवेअर चालू आहे का पाहा.

पॅकेटपंत | गुरुवार, दुपारी १२:१०

रबाळेकरांशी शंभर टक्के सहमत. ओपीडीच्या वेळच्या खरखरीचं मी घेतो.

आवाजावर ४६ ची खूण (डीएससीपी, म्हणजे पॅकेटवरचा प्राधान्याचा सहा बिटांचा आकडा), तिचं नाव ईएफ. वायरवर ती योग्यच. हवेत मात्र डब्ल्यूएमएमच्या (वायफायमधल्या प्राधान्याच्या सोयीच्या) चार रांगा: व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट, बॅकग्राउंड. डीएससीपीवरून रांग ठरवताना बरीच उपकरणं सहा बिटांतले वरचे तीनच बघतात. ४६ म्हणजे १०१११०. वरचे तीन १०१, म्हणजे ५. आणि वायफायमध्ये ४ नि ५ व्हिडिओचे; व्हॉइसचे ६ नि ७. म्हणजे जगभर "आवाज" म्हणून मिरवणारी खूण हवेत उतरताना व्हिडिओच्या डब्यात चढते. २०१८ साली आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने स्पष्ट लिहिलं की ईएफला ६ द्या. पण जुन्या मांडण्या जिथल्या तिथे आहेत.

फरक किती? व्हॉइसच्या रांगेतलं पॅकेट पहिल्या प्रयत्नात ० ते ३ यांतला आकडा काढून तेवढे स्लॉट थांबतं, व्हिडिओचं ० ते ७. रात्री हे जाणवणार नाही. सकाळी ओपीडीत बसलेले सगळे मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले की जाणवतं. एसएसआयडी प्रोफाइलमध्ये व्हॉइसच्या रांगेला ४६ जोडा.

आणि एक, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: या सगळ्याने फक्त एपीकडून फोनकडे येणारा आवाज सुधारतो. फोनकडून एपीकडे जाताना रांग फोन स्वतः निवडतो. कंट्रोलर नंतर खूण बदलेल, पण हवेतली वेळ तोवर गेलेली असते. म्हणून हँडसेटच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्येही डब्ल्यूएमएम आणि आरटीपीची खूण बघा. मधले स्विचही तपासा. पोर्ट ट्रस्टवर (आलेली खूण तशीच मानायच्या सेटिंगवर) नसेल तर काही स्विच खूण पुसून शून्य करतात, आणि मग वरचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

सिस्टर_इनचार्ज | गुरुवार, रात्री ९:५५

मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात आहे. तांत्रिक भाग डोक्यावरून गेला, पण दादा, एक सांगते. आम्ही कुणी फोन एका जागी उभं राहून करत नाही. पेशंटला लिफ्टकडे नेताना एका हातात सलाइनचा स्टँड, फोन खांद्यात दाबलेला, आणि बोलणं चालू. आमच्याकडे बरोबर लिफ्टच्या दारात आवाज तुटायचा. इंजिनीअर येऊन नर्सिंग स्टेशनवर बसून "ताई, चालतोय की" म्हणून जायचे. तुम्ही चाचणी चालत घ्या, आणि दिवसा घ्या.

आणखी एक, डॉक्टर राउंडला असतात तेव्हा कृपा करून कंट्रोलरशी खेळू नका.

सिग्नलताई | शुक्रवार, सकाळी १०:२५

सिस्टरना +१००. मी सर्व्हेची कामं करते, ठाणे-बेलापूर पट्ट्यात गोदामं आणि रुग्णालयं जास्त.

लिफ्टच्या दारात तुटतं ते रोमिंग. फोन एक एपी सोडून दुसरा पकडतो, आणि दर वेळी पूर्ण ८०२.१एक्स ओळखपरेड झाली तर तेवढा वेळ आवाज बंद. ८०२.११आर (झटपट रोमिंगची सोय) चालू असेल तर किल्लीची कामं आधीच उरकलेली असतात आणि बदल ५० मिलिसेकंदांच्या आत व्हावा अशी अपेक्षा धरता येते. पण डोळे झाकून चालू करू नका. काही जुने हँडसेट ११आर असलेल्या एसएसआयडीला जोडलेच जात नाहीत. आधी एक मजला.

व्हॉइससाठी उणे ६७ डीबीएम धरा, आणि लिफ्टच्या दारात तेवढ्या ताकदीचा दुसरा एपीही दिसायला हवा. डेटासाठी केलेल्या आराखड्यात हे नसतं. एपीची पॉवर पूर्ण चढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो: हँडसेटची पॉवर कमी असते, त्यामुळे फोनला एपी ऐकू येतो आणि एपीला फोन नाही. मग "मला त्यांचं ऐकू येतं, त्यांना माझं नाही" ही तक्रार, आणि तिचं खापर पुन्हा रोलवर फुटतं.

१, २, ५.५, ११ एमबीपीएस हे जुने रेट बंद करा. फोन ५ गिगाहर्ट्झवरच ठेवा. जमलं तर ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे चॅनेल द्या. मधल्या डीएफएस चॅनेलवर रडारचा सिग्नल सापडला की एपीला ते चॅनेल सोडावंच लागतं, कॉल चालू असला तरी. तळघरात रेडिऑलॉजीच्या शिशाच्या भिंती आहेत, तिथे वरच्या मजल्याचा सिग्नल येईल ही आशाच सोडा. खोलीच्या आत एपी लावा.

कोपरीचा_केबलवाला | शुक्रवार, दुपारी २:००

एवढं सगळं करण्यापेक्षा मॅक ॲड्रेसवरून (फोनच्या हार्डवेअर नंबरवरून) रोल द्या की. हँडसेट एकाच कंपनीचे आहेत ना? पहिले सहा आकडे जुळले की व्हॉइस रोल. दोन मिनिटांचं काम.

रबाळेकर | शुक्रवार, दुपारी ३:४०

होतं, चालतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच आहे. पण मॅक कुणीही बदलू शकतो. तुमच्या पहिल्या एनी एनी परमिटबरोबर हे जोडलं, तर फोनचा मॅक लावलेल्या कुठल्याही लॅपटॉपला सगळं रुग्णालय मोकळं. रोल घट्ट असेल, तर तोच लॅपटॉप फार तर पीबीएक्सचे उघडलेले पोर्ट बघेल. मॅकवरून ओळखायचंच असेल तर रोल आवळून धरा.

हँडसेटला ८०२.१एक्स जमत असेल तर सर्टिफिकेट घाला आणि रोल रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरकडून पाठवा. अरुबाचं स्वतःचं युजर-रोल ॲट्रिब्यूट आहे. ते आलं की कंट्रोलरवरचा डिफॉल्ट रोल मागे पडतो. फक्त रोलचं नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखं हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. आणि एएए प्रोफाइलमधला (कंट्रोलरवरच्या ओळख तपासायच्या सेटिंगमधला) डिफॉल्ट रोल बघून ठेवा. सर्व्हरने काहीच पाठवलं नाही तर फोन त्याच्यात पडतो, आणि तो ऑथेंटिकेटेड वगैरे सैल रोल असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही, कारण फोन छान चालतो.

वाघबीळकर | रविवार, रात्री ११:५०

अपडेट. क्लासिफाय-मीडिया लावल्यावर टेबलमध्ये 'व्ही' उगवला. व्हॉइस अवेअर स्कॅनिंग बंदच होतं, ते चालू केलं. अक्षर गिळणं थांबलं. ४६ व्हॉइसच्या रांगेत घातलं. एका मजल्याचा स्विच खूण पुसत होता, तिथेही ट्रस्ट लावला. शनिवारी ओपीडी भरलेली असताना सिस्टरबरोबर फोन घेऊन चालत फिरलो (आमचा माणूस नर्सिंग स्टेशनवर बसला नाही, खात्री बाळगा). खरखर नाही. लिफ्टपाशी पाचव्या मजल्यावर अजून तुटतं. सिग्नलताई म्हणतात तसा तिथे दुसरा एपी दिसतच नाही, त्याची केबल ओढावी लागेल. फॉल्स सीलिंग उघडायची परवानगी मिळाली की तेही.

पीबीएक्सवाल्यांना आरटीपीची रेंज लेखी मागितली आहे. उत्तर आलं, "वुई विल रिव्हर्ट."

शेवटचा प्रश्न. तळघरात मोबाईलला रेंज नाही, डॉक्टर स्वतःच्या मोबाईलवर वायफाय कॉलिंग वापरतात. ते स्टाफ एसएसआयडीवर आहेत, रोल वेगळा. कॉल कधी लागतो, कधी नाही. इथेही एएलजी?

पॅकेटपंत | सोमवार, सकाळी ९:१५

नाही, इथे एएलजीचा संबंधच नाही. एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत सुरू केलेलं वायफाय कॉलिंग फोनपासून ऑपरेटरच्या गेटवेपर्यंत आयपीसेकच्या कुलूपबंद बोगद्यातून जातं. स्टाफ रोलमध्ये बाहेर जाणारे यूडीपी ५०० आणि ४५०० उघडे हवेत, आणि गेटवेचं नाव डीएनएसने सुटायला हवं. "वेबच चालू द्या" म्हणून कुणी फक्त ८० आणि ४४३ ठेवले असतील, तर अडतंय तिथेच. कधी लागतो तो बहुधा खिडकीपाशी मोबाईलची रेंज मिळते म्हणून.

रांगेचं म्हणाल तर ४५०० ला क्यू हाय देता येईल, पण त्याच पोर्टवर कुणाचा ऑफिसचा व्हीपीएनही असू शकतो. त्यामुळे ऑपरेटरच्या गेटवेपुरतीच ती ओळ लिहा.

वाघबीळकर | सोमवार, सकाळी ११:०५

पाहिलं. स्टाफ रोलमध्ये ८०, ४४३ आणि डीएनएस, एवढंच आहे. ५०० आणि ४५०० आज रात्री राउंड संपल्यावर घालतो.